बाकाखाली वाक : बागेतल्या खजिन्याची यमकं

(धुळ्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बक्षीस काय, ते आधीच सांगून टाकते; म्हणजे ज्यांना सोनं-नाणं हवंय त्यांना वेळेत उठून जाता येईल. जळगावात आम्ही बागेतल्या खजिन्याचा जो शोध भरवतो, त्यात जिंकणाऱ्या गटाला भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. हरणाऱ्यांनाही तेच मिळतं, फक्त जिंकलेले पहिल्या पंगतीला बसतात. भरताच्या पहिल्या पंगतीसाठी माणूस किती जिवाच्या आकांतानं धावतो, हे खान्देशात मी वेगळं सांगायला नको.

आता खेळ. शहरातल्या बागेत एक लहानशी वस्तू ठेवायची, तिच्याकडे नेणाऱ्या खुणा यमकात बांधायच्या आणि लोकांना सोडायचं. ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचं शहर आहे. तिथली थंडी अशी, की न्यूयॉर्कच्या एका वार्ताहरानं या गावाला दुसरा सैबेरिया म्हणून हिणवलं. गावकरी चिडले आणि 1886 मध्ये त्यांनी भर हिवाळ्यात जत्राच भरवली. ती जत्रा आजही भरते, आणि 1952 पासून तिच्या जोडीला तिथलं पायोनियर प्रेस हे वर्तमानपत्र खजिन्याचा शोध चालवतं. परिसरातल्या एखाद्या सार्वजनिक बागेत एक पदक दडवलेलं असतं. पेपरात रोज एक कवितेची खूण छापून येते, अशा साधारण बारा. पहिल्या खुणा ढगात असतात, शेवटची जवळजवळ बोट धरून नेते. लोक रात्री नव्या खुणेची वाट बघत थांबतात आणि फावडी घेऊन बर्फ उपसतात. बक्षीस दहा हजार डॉलरपर्यंत जातं. आमचं भरीत त्यापुढे स्वस्तच.

मला त्यातलं फावडं नको होतं, पण यमक हवं होतं. ते का, हेच आज मुख्यतः बोलायचं आहे.

आमच्या जळगावात एका चौकाचं नावच काव्यरत्नावली चौक आहे. 1887 साली जळगावातून निघू लागलेल्या, निव्वळ कवितेला वाहिलेल्या मासिकाचं हे नाव. भाऊंचं उद्यान त्या चौकातच. रिक्षावाल्याला ‘काव्यरत्नावलीला सोड’ असं रोज सांगणाऱ्या गावानं यमकाला लाजायचं कशाला? तरी आमच्या गटातल्या तरुण मंडळींना सुरुवातीला ते बालिश वाटायचं. क्यूआर कोड लावू, मोबाइलवर नकाशा देऊ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लावा. पण एका गटानं कोडाचा फोटो काढला की दोन मिनिटांत तो शहरभर जातो, आणि मग शोधाचं उरतं काय? फॉरवर्ड.

म्हणून आम्ही कागदच काढून टाकला. प्रत्येक ठिकाणी एक खुणवाला बसतो. तो खूण दोनदा म्हणून दाखवतो, तिसऱ्यांदा नाही. लिहून घ्यायची नाही, मोबाइल पिशवीत. चार ओळी तोंडात धरून गटानं पुढं जायचं. आता करा गद्यात! ‘तळ्याच्या पूर्वेकडील तिसऱ्या वृक्षाजवळील आसनाखाली पाहावे’ हे वाक्य दहा पावलांत निम्मं सांडतं. पूर्वेकडील होतं का पश्चिमेकडील, तिसऱ्या का दुसऱ्या. यमकाची ओळ सांडत नाही. एक शब्द निसटलाच तर पुढच्या ओळीचं शेपूट त्याला ओढून आणतं. जात्यावर बसलेल्या बायांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ज्यांच्या हातात पाटी-पेन्सिल कधी आलीच नाही, त्यांनी शेकड्यांनी ओव्या याच जोरावर डोक्यात साठवल्या.

आणि कोडी घालणं तर आपल्याकडे घरोघर होतं. रात्री बाजेवर पडल्या पडल्या म्हाताऱ्या आन्हे घालायच्या. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते, तेव्हा गाणी झाली की पोरी काय करतात? झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. खुळखुळ वाजला तर शेंगदाणे, गप्प बसला तर शिरा किंवा लाडू. ज्या घरचा खाऊ कुणालाच ओळखू येत नाही, त्या घरची बाई आठ दिवस तोऱ्यात असते. लपवणारी आणि शोधणाऱ्या यांच्यातली ही चढाओढ आपल्या अंगात आहे. बागेत आम्ही फक्त डबा मोठा केला.

पण इथं एक घोळ होतो. कोडं सुचणं आणि खूण बांधणं या दोन गोष्टी आहेत. नवा माणूस खुणा लिहायला बसला की असं काहीतरी घेऊन येतो :

दाढी टेकली मातीला,
दाढीलाच फुटे पाय;
बाया गुंडाळती दोरा,
सांग माझं नाव काय?

छान आहे. (सभागृहातून : ‘वड!’) बघा, म्हणजे संपलं. तुम्ही खुर्चीत बसून उत्तर दिलंत. बागेत जायची गरजच पडली नाही. कोड्याचं उत्तर घरात बसून मिळतं. खूण अशी पाहिजे, की त्या जागेवर उभं राहिल्याशिवाय ती सुटताच कामा नये. बागेत वड दोन असतील तर कुठला? वडापाशी पोचलो, आता बघू कुठं? म्हणून वरच्या चार ओळींना आम्ही खालच्या चार जोडतो :

उगवतीची पारंबी,
तिच्या सावलीत बाक;
उकरू नको रे माती,
फक्त बाकाखाली वाक.

आता पोराला वडाभोवती फिरावं लागतं. उगवत कुठली, हे ठरवायला मान वर करून सूर्य बघावा लागतो. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, पण मोबाइल पिशवीत. नववी-दहावीची मुलं सकाळी बागेत उभी राहून पूर्व कुठली यावरून भांडतात, ते ऐकण्यासारखं असतं. शिवाय तिसऱ्या ओळीत नियम सांगून झाला. वेगळी सूचना लिहिली तर कुणी वाचत नाही. यमकात घातली की पाठ होते.

सावलीची खूण मात्र जपून वापरावी. सकाळी आठला बाकावर असलेली सावली साडेदहाला कुठल्या कुठं गेलेली असते. तेव्हा अशी खूण दिवसातली पहिलीच ठेवायची. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे भर दुपारी एक दिवस असा येतो, की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ खांबाची सावली पडतच नाही. त्या उन्हात खजिना शोधायला कुणी येणार नाही, हा भाग वेगळा!

सावलीवरून इंग्लंडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1979 साली एका चित्रकारानं सोन्याचा ससा घडवून जमिनीत पुरला आणि त्याच्या जागेचं कोडं चित्रांच्या पुस्तकात घातलं. उत्तर असं होतं : अँपथिल गावच्या बागेत एका राणीच्या स्मरणार्थ उभारलेला क्रूस आहे. ज्या दिवशी दिवस-रात्र सारखी असते, त्या दिवशी भर दुपारी त्या क्रूसाच्या सावलीचं टोक जिथं टेकतं, तिथं खणायचं. काय बुद्धी आहे! कोडं घालणारी म्हणून मी त्या माणसाला हात जोडते. पण लोकांनी देशभर नको नको तिथं खणून ठेवलं. 1982 मध्ये ससा सापडला, आणि 1988 मध्ये एका वर्तमानपत्रानं उघड केलं की ज्यानं तो मिळवला, त्याला चित्रकाराच्या जुन्या मैत्रिणीकडून आतली माहिती पोचलेली होती. कोडं पुढ्यात घेऊन रात्री जागवलेल्यांना काय वाटलं असेल? या गोष्टीवरून आम्ही दोन नियम घेतले. जमिनीत काहीही पुरायचं नाही. आणि खुणा लिहिणाऱ्याच्या घरचं कुणी खेळणार नाही. पोरं रुसली तरी, जावई आला असला तरी.

यमकाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. शेवटचा शब्द खायचा. मेहरूण तलावाकाठची आमची एक खूण ऐका. मेहरूणची बोरं इथं सगळ्यांनी खाल्ली असतील, पण ही खूण बोरीची नाही.

तळ्यामध्ये थरथरे
उलटं हिरवं बिंब;
पाडव्याला पानं देतो,
काठावरचा तो…

खुणवाला इथं थांबतो आणि गटाकडे बघत राहतो. ‘लिंब’ हा शब्द सहा-सात वर्षांचं पोरही ओरडतं, कारण कान त्याला तिथं ढकलतो. मोठी माणसं मागं राहतात. त्यांना वाटतं एवढं सोपं नसणार, यात काहीतरी मेख असणार. लहानांना मेख माहीत नसते, म्हणून ती जिंकतात. आम्ही मुद्दाम प्रत्येक शोधात अशी एक खूण ठेवतो, नाहीतर गटातली लहान पोरं नुसती मागं मागं धावून रडकुंडीला येतात.

तशीच एक खूण आजीसाठी. ती पूर्ण अहिराणीत असते :

मन्हा पोटमा गारवा,
मन्हा तोंडले टोपन;
तीस लागनी तं ये रे,
कोन शे मी? सांग कोन.

इथं हसलात तुम्ही, म्हणजे तुम्हाला कळलं. अहिराणीत तीस म्हणजे तहान. जळगावातल्या इंग्रजी शाळेतल्या एका गटाला कळलं नाही. त्यांनी ‘तीस’ हा आकडा धरला आणि बागेतली झाडं मोजायला सुरुवात केली. बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, गटातल्या नव्हत्या, सकाळच्या उन्हाला आल्या होत्या. शेवटी एका मुलीनं धीर करून विचारलं, ‘आजी, हाई काय शे?’ एवढंच तिला येत होतं. बाईंनी हातानंच पाणपोईचा रांजण दाखवला, आणि मग स्वतः उठून त्या गटाबरोबर पुढच्या खुणेला गेल्या. नियमात असं माणूस वाटेत घ्यायला परवानगी नव्हती. आता आहे. आमच्याकडे अहिराणीबरोबर लेवा बोलीही आहे, तेव्हा पुढच्या खेपेला तिचीही पाळी. आमच्या गटातल्या काहींना वाटतं, प्रमाण मराठीतच असावं, सगळ्यांना समान संधी. मला पटत नाही. सगळ्यांना सगळं कळलं तर कुणी कुणाला विचारणारच नाही.

आकड्यांच्या खुणांबद्दल माझं मत वाईट आहे. पायऱ्या मोजा, त्यात खांब मिळवा, दोननं भागा. ही गणिताची चाचणी झाली. तुमच्या धुळ्यात हा मोह जास्त होणार, कारण कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळापासून आखीव असलेल्या या गावात गल्ल्यांनाच नंबर आहेत. पहिली गल्ली, चौथी गल्ली म्हणत वाढलेल्या माणसाला आकडा फार लवकर सुचतो. आवरा.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. महापालिकेची लेखी परवानगी काढावी. बेवारस डबा बागेत ठेवू नये. आजकाल अशा डब्याला पोलीस येतात, आणि यायलाच हवेत. ढोलीत काही ठेवू नये, तिथं कुणीतरी आधीच राहत असतं : पोपट, घोरपड, नाहीतर सातेरी मधमाश्या. झाडाला खिळा मारायचा नाही. आणि माळीबुवांना आधी सांगावं. हे मी परवानगीच्याही वर ठेवते. पहाटे बाग झाडणारा माणूस तुम्ही ठेवलेली वस्तू केरात घालू शकतो, आणि त्याच माणसाला त्या बागेतली प्रत्येक गोष्ट माहीत असते. कुठल्या झाडाला फुलं कधी येतात, कुठलं कारंजं चालतं आणि कुठलं उद्घाटनापुरतंच चाललं, हे त्यालाच विचारायचं. आमच्या निम्म्या खुणा माळ्यांनी सांगितलेल्या आहेत; आम्ही फक्त यमक जुळवलं.

वेळ हिवाळ्याची. सेंट पॉलची माणसं थंडीला न भिता बाहेर पडतात म्हणून त्यांचं कौतुक. आपलं कौतुक व्हायचं तर एप्रिलात, पारा चव्वेचाळिसावर असताना शोध भरवावा लागेल, आणि तेवढं कौतुक मला नको आहे. डिसेंबर-जानेवारी बरा. वांगीही तेव्हाच चांगली येतात.

प्रश्न आला आहे : पांझरेकाठच्या बागेसाठी खुणा तुम्ही लिहून द्याल का? नाही देणार. मी जळगावची, तुमच्या बागेतलं कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्या बाकावर कोण रोज बसतं, हे मला कोण सांगणार? एक वही फिरवते आहे. ज्यांना खुणा लिहायच्या आहेत त्यांनी नाव लिहा, आणि नावापुढे हेही लिहा, की घरातलं कोण खेळणार आहे. तिथंच ठरेल कोण लिहिणार आणि कोण धावणार. खुणा झाल्या की मला फोन करा. मी येऊन खेळेन. मला काहीच माहीत नसेल, तेव्हा पंगतीला पहिली बसायची संधी मलाही आहे.