जगायचं कोणी, हे ठरतं कसं: फळमाशीच्या भ्रूणाची गोष्ट

मित्रहो, सात-आठ तासांचा फळमाशीचा भ्रूण अॅक्रिडीन ऑरेंज नावाच्या रंगात घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्यात बारीक बारीक ठिपके चमकायला लागतात. आधी डोक्याकडे तुरळक, मग हळूहळू अंगभर. भ्रूणाची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे ठिपके मरणाऱ्या पेशींचे आहेत, आणि भ्रूण मात्र ठणठणीत आहे. २५ अंश तापमानात ठेवला, तर अंडं घातल्यापासून साधारण एका दिवसात त्यातून अळी बाहेर येईल.

या प्रकारच्या पेशीमृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी अॅपोप्टोसिस हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गळणं, झाडाची पानं गळतात तसं. पेशी फुटत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि ते भक्षक पेशी गिळून टाकतात. मघाचे ठिपके नीट पाहिले, तर पुष्कळसे एकेका भक्षक पेशीच्या पोटात जमलेले असतात. म्हणजे आपल्याला दिसते ती बऱ्याचदा मरणानंतरची आवराआवर.

आता एक तुलना करतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या शरीरात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. दर वेळी त्याच. त्या कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. फळमाशीत अशी पक्की यादी नाही. दोन भ्रूण शेजारी ठेवले, तर मरणाऱ्या पेशी ढोबळ मानाने त्याच भागांत दिसतात, पण नेमक्या त्याच असतील असं नाही. मग कोणी मरायचं, हे तिथे कसं ठरतं?

मला विचाराल तर हा प्रश्नच उलटा करायला हवा. कोण मरतं, यापेक्षा कोणाला जगू दिलं जातं, हे विचारायला हवं. असं का म्हणतो, ते सांगतो. पेशीला मारणारी हत्यारं, म्हणजे कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी विकरं, पेशीत आधीपासूनच हजर असतात. त्यांना रोखून धरतं डायअॅप-१ नावाचं प्रथिन. ते बनवणारं थ्रेड हे जनुक निकामी केलं, तर भ्रूणातल्या जवळजवळ सगळ्या पेशी काही तासांत मरून जातात. बाहेरून कोणी मारायला येत नाही, फक्त रोखणारा हात निघून जातो.

हा हात दूर करण्याचं काम रीपर, हिड आणि ग्रिम ही तीन प्रथिनं करतात. त्यांची जनुकं तिसऱ्या गुणसूत्रावर एकमेकांजवळ आहेत. १९९४ मध्ये हर्मन स्टेलर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की तो तुकडाच नसलेल्या भ्रूणात अॅपोप्टोसिस जवळपास होतच नाही. चेतासंस्थेत जास्तीच्या पेशी साचतात, डोकं आत वळण्याची क्रिया बिघडते, आणि अळी अंड्यातून बाहेर येत नाही.

माझा सर्वांत आवडता भाग आता येतो. भ्रूणाच्या पोटाकडच्या चेतारज्जूत, अगदी मध्यरेषेवर, ग्लिया पेशींची, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींची, एक छोटी रांग असते. चेतातंतू जिथे डावीकडून उजवीकडे ओलांडून जातात, तिथे त्यांना वेढणं हे या पेशींचं काम. शरीराच्या प्रत्येक खंडात आधी अशा साधारण दहा पेशी असतात, शेवटी उरतात तीनेक. बाकीच्या मरतात. वाचतात त्या तंतूंना बिलगलेल्या. कारण चेतापेशींकडून स्पिट्झ नावाचा संदेश येतो. तो ग्लियाच्या पृष्ठभागावरच्या ईजीएफ ग्राहकाला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, आत रास आणि मग मॅप कायनेज अशी प्रथिनांची साखळी जागी होते, आणि ती थेट हिडवर फॉस्फेट बसवून त्याला दुबळं करते. रास आणि हिड यांचं हे नातं १९९८ मध्ये दोन प्रयोगशाळांनी उलगडलं. हिडवरच्या फॉस्फेट बसण्याच्या जागाच बदलल्या, तर संदेश मिळूनही हिड मारतच राहतो. म्हणजे या पेशीत हिड तयार असतो, मरण दाराशी उभं असतं, आणि शेजारची चेतापेशी त्याला घटकाघटकाने थोपवून धरते. जेवढे तंतू, तेवढीच वेढणारी ग्लिया. कुणी मोजत नाही, तरी हिशेब जुळतो.

मघाशी एका विद्यार्थिनीने विचारलं, आधी जास्त पेशी करायच्या आणि मग मारायच्या, ही उधळपट्टी नाही का? याचं उत्तर बायकॉइडच्या प्रयोगात आहे. बायकॉइड हे डोकं कुठे घडणार ते ठरवणारं प्रथिन, आणि त्याचं प्रमाण आईकडून ठरतं. आईत या जनुकाच्या जास्तीच्या प्रती घातल्या, की भ्रूणात डोक्याचा आराखडा फुगतो आणि मागचे खंड दाटीवाटीने बसतात. अशा भ्रूणातून वेडीवाकडी माशी यायला हवी. पण १९९७ मध्ये जॉनाथन मिंडन यांच्या गटाने दाखवलं, की फुगलेल्या भागात पेशीमृत्यू वाढतो, आवळलेल्या भागात तो घटतो, आणि बऱ्याच भ्रूणांतून चांगली माशी निघते. मोजमाप चुकलं, तर ते दुरुस्त करायला जागा हवी, आणि ती जागा या जादा पेशींमुळे मिळते. मी याला उधळपट्टी म्हणणार नाही.

तरी सगळंच शेजाऱ्यांवर सोपवलेलं असतं असं नाही. डीएमपी-२ नावाच्या चेतापेशी घ्या. चेतारज्जूतल्या लांब उभ्या वाटा सर्वांत आधी आखणाऱ्यांपैकी या. मागून येणारे तंतू त्यांच्या वाटेने जातात. वाट तयार झाली, की पुढच्या खंडांतल्या डीएमपी-२ पेशी मरतात. अगदी मागच्या तीन खंडांतल्या मात्र जगतात. तिथे अॅबडॉमिनल-बी हे हॉक्स जनुक, म्हणजे कोणता खंड कसा घडायचा ते ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक, चालू असतं आणि ते त्याच पेशीत रीपर आणि ग्रिम दाबून ठेवतं. ते काढून टाकलं, तर मागच्याही मरतात. ते असलं, तर त्या पेशींचे तंतू पुढे शरीराच्या मागच्या टोकाशी असलेल्या आतड्यापर्यंत जाऊन पोहोचतात.