सॅलड करा: ॲलिसन नोल्स आणि फ्लक्सस

मंडळी, फ्लक्सस, म्हणजे रोजच्या साध्या कृतींनाही कला मानणारी साठच्या दशकातली कलाचळवळ, म्हटलं की लोकांना फोडलेला पियानो आठवतो. १९६२, जर्मनीतलं वीसबाडेन, संगीतकार फिलिप कॉर्नर यांची रचना. त्याच वर्षी लंडनमध्ये अमेरिकन कलाकार ॲलिसन नोल्स यांनी श्रोत्यांसमोर भाज्या चिरून सॅलड केलं आणि वाढलं. रचनेची संहिता एका ओळीची: सॅलड करा. मोडलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, चिरलेलं राहत नाही, ही माझी जुनी तक्रार.

हसताय, पण ऐका. मागे एका सभागृहात, नाव घेत नाही, विश्वस्त इथेच बसलेले असतील, मी हाच प्रयोग करायला निघालो होतो. काकडी, टोमॅटो, कांदा, साधा बेत. व्यवस्थापक म्हणाले, आत खाद्यपदार्थांना मनाई आहे. म्हटलं, अहो, हा पदार्थ नाही, ही रचना आहे. "मग कोणी खाणार नाही ना?" खाणार तर! तो रचनेचाच भाग. तेवढ्यात खजिनदार आले: काकडीची पावती अल्पोपाहारात टाकू की सादरीकरणात? अल्पोपाहार म्हणावं तर माझं मानधन बुडतं; सादरीकरण म्हणावं तर कांद्यालाही मानधन आलं. अर्धा तास खल झाला आणि पावती गेली किरकोळ खर्चात. कलेच्या इतिहासानंही नोल्सबाईंना बराच काळ तिथेच ठेवलं. खजिनदारांवर मात्र माझा राग नाही. हे जेवण की कला, हा फ्लक्ससचा नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे! मुद्दा तर आत्ता सुरू होतोय.

तर, बाई प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या चित्रकार. रोजचे आवाज म्हणजे संगीत, असं संगीतकार जॉन केज म्हणत. बाईंनी रोजचं काम मंचावर आणलं. ते कोणीही पुन्हा करू शकतं, कलाकार हजर असायलाच हवा असं नाही. २००८ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्याच एका ओळीचं सॅलड वरून ताडपत्रीवर ओतून दाताळ्यांनी कालवलं. 'इंटरमीडिया', म्हणजे दोन कलाप्रकारांच्या मधल्या जागेतली कला, ही कल्पना त्यांचे पती डिक हिगिन्स यांनी १९६६ मध्ये निबंधात मांडली. बाई तोवर ती वाढून मोकळ्या झाल्या होत्या.

बाई न्यूयॉर्कच्या एकाच खानावळीत रोज तेच जेवत: ट्यूना सँडविच, लेट्यूस, लोणी, मेयोनीज नाही, सोबत ताक किंवा सूप. हे कुणाच्या लक्षात आलं? पियानोवाल्या कॉर्नर यांच्या! त्याचीही रचना झाली. मित्र तेच जेवून टिपणं लिहू लागले.

आणि १९६७ ची 'हाऊस ऑफ डस्ट', फोरट्रान या संगणकभाषेत लिहिलेली कविता, संगीतकार जेम्स टेनी यांच्या मदतीनं केलेली. घर कशाचं, कुठे, कोणत्या उजेडात, राहतं कोण, हे यंत्रानं जुळवायचं. त्यातल्या एका कडव्याचं पुढे खरं घर बांधलं, ते कॅलिफोर्नियात कॅलआर्ट्स या कलासंस्थेत नेलं, बाईंनी तिथे वर्ग घेतले. त्याची चित्रं आणली आहेत, प्रश्नोत्तरांत दाखवतो.