पाटी कुणाला दाखवायची?

अध्यक्षांनी माझी ओळख 'चेटूकविद्येचे अभ्यासक' अशी करून दिली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघींनी पर्स जवळ ओढून घेतल्या. (हशा) घाबरू नका. मी बोलणार आहे ते इंग्लंड-अमेरिकेतल्या पेगन मंडळींबद्दल, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता आणि निसर्ग पूजणाऱ्यांबद्दल. यातली पुष्कळ माणसं स्वतःला उघडपणे विच म्हणवतात, नोकऱ्या करतात, कर भरतात. विक्का, म्हणजे या मंडळींतला चेटूकविद्येचा आधुनिक धर्म, हे मागच्या वेळी झालं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. आज फक्त नावांबद्दल बोलायचं. कुणी विक्कन, कुणी जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारा ड्रुइड, कुणी जुने नॉर्स-जर्मानिक देव पूजणारा हीदन, कुणी नुसतंच 'विच, पण विक्कन नाही हं!'. माझं म्हणणं एवढंच की नावाची पाटी सरकारी खिडकीसमोर कामाला येते. आपसांत लावली की डोकेफोड सुरू.

तुम्हाला हे कळायला जड जाऊ नये. आपल्याकडे गाण्यात घराणी आहेत, गंडाबंधन आहे, 'ते कुठले किराण्याचे!' म्हणत नाकं मुरडणारे आहेत. तिकडेही तसंच. जेराल्ड गार्डनर या इंग्रजापासून सुरू झालेल्या विक्काच्या गार्डनेरियन परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. ज्याला दीक्षा मिळाली तोच पुढे देणार. बाईनं पुरुषाला द्यायची, पुरुषानं बाईला. मग तुझी गुरू कोण, तिची कोण, असं मागे मागे जात गार्डनरपर्यंत पोचायचं. गंमत म्हणजे 'गार्डनेरियन' हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. ते बहुधा रॉबर्ट कोक्रन नावाच्या प्रतिस्पर्ध्यानं खवचटपणे काढलं. पुढे तो टोमणाच सर्टिफिकेट झाला.

आता गार्डनर. याच्याबद्दल बोलायला मला आवडतं, म्हणून थोडा वेळ जाईल. जन्म १८८४. उमेदीची वर्षं सिलोन-मलायात चहा-रबराच्या मळ्यांत, मग जोहोरच्या कस्टम खात्यात. निवृत्त होऊन मायदेशी परतला. तिथला १७३५ सालचा जादूटोण्याचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये यानं पुस्तक लिहून जाहीर केलं की जुना धर्म अजून जिवंत आहे. पेपरवाले दारात हजर! म्हाताऱ्याला प्रसिद्धीची भारी हौस.

त्याच्या मंडळात, म्हणजे कव्हनमध्ये, डोरीन व्हॅलिएंटी नावाची प्रमुख पुरोहित होती. फार हुशार बाई. गार्डनरनं 'परंपरेनं आलेली' म्हणून दिलेली पोथी वाचताना तिनं ओळखलं की यातला बराच मजकूर तर अलिस्टर क्रोलीचा आहे. क्रोली म्हणजे एक बदनाम इंग्रज जादूउपासक; याहून जास्त या सभागृहात सांगू नये. तिनं विचारलं तेव्हा गार्डनर म्हणाला, तुला याहून बरं लिहिता येत असेल तर लिही. तिनं लिहिलं! आज जगभरच्या विक्कन पूजाविधींत देवीच्या तोंडचं जे गद्य म्हटलं जातं, त्याला आजचं रूप या बाईनं दिलं. आता सांगा, परंपरा कुणाची?

पण खरी मजा १९५७ ची. गार्डनरनं मुलाखती देणं आवरावं, या मागणीवरून मंडळात कुरबुर सुरू झाली. डोरीन आणि काही जणांनी नियमांचा मसुदा करून गार्डनरकडे पाठवला. उत्तर आलं: नियमांची गरजच नाही, आपल्याकडे प्राचीन कायदे आहेतच. सोबत ते कायदे, जुन्या वळणाच्या इंग्रजीत! इतकी वर्षं याचा कुणाला पत्ता नव्हता. त्यात एक कलम असं की पुरोहितिणीनं वेळ आली की तरुण बाईसाठी आनंदानं जागा सोडावी. गार्डनर त्र्याहत्तर वर्षांचा, डोरीन पस्तिशीची. आणि पुरोहिताच्या वयाबद्दल? काही नाही. मला तर आपल्या काही संस्थांच्या घटनादुरुस्त्या आठवल्या. नावं घेत नाही, दोन विश्वस्त इथेच बसले आहेत. डोरीन आणि तिच्या बाजूचे लोक बाहेर पडले. पण बाई विच राहिली ती मरेपर्यंत. ब्रायटनमध्ये ती राहायची त्या इमारतीवर २०१३ साली निळी स्मृतिपाटीही लागली.

मग मँचेस्टरचा अॅलेक्स सँडर्स आला. लहानपणी आजीनं दीक्षा दिली असं तो सांगायचा; पोथी मात्र बरीचशी गार्डनरचीच निघाली. त्याचे ते अलेक्झांड्रियन. आणि मग दोन्ही गट एकमेकांना...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात, म्हणजे सहा धरू या. शीर्षकात जे कबूल केलं होतं ते आता घाईनंच सांगावं लागेल.

१९७४ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला एका परिषदेत सत्तरेक विच जमल्या आणि त्यांनी तेरा तत्त्वं मंजूर केली. त्यातलं एक असं की स्वतःला विच म्हटल्यानं कुणी विच होत नाही. आनुवंशिकतेनं होत नाही, पदव्या आणि दीक्षा गोळा करूनही होत नाही. एवढं शहाणपण जमल्यावर परिषद त्याच वर्षी बरखास्त झाली.

आता सरकारी खिडकी. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत जो तो आपापलं नाव लिहिणार, म्हणजे आकडे फुटणार. म्हणून २०११ मध्ये मोहीम निघाली: आधी 'पेगन' लिहा, मग डॅश, मग तुमचं घराणं. पेगन सत्तावन्न हजारांच्या आसपास भरले, विक्कन बारा हजारांच्या. २०२१ मध्ये चौऱ्याहत्तर हजार आणि तेरा हजार. भांडणाऱ्यांना एका डॅशनं एकत्र बसवलं, हे मला फार आवडतं.

दुसरी खिडकी अमेरिकेची. २००५ मध्ये नेवाडाचा एक विक्कन सार्जंट अफगाणिस्तानात मारला गेला. स्मृतिशिलेवर कोरण्यासाठी माजी सैनिक खात्याच्या यादीत अडतीस चिन्हं होती, त्यात नास्तिकांचंही होतं. विक्कनांचा पंचकोनी तारा नव्हता. बायको आणि पेगन संस्था कोर्टात गेल्या, तेव्हा एप्रिल २००७ मध्ये खातं नमलं. इथे पाटीवाचून भागलंच नसतं.

आणि शेवटचं, कारण चहाच्या वेळी कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवतात ती पाटी तिनं मागितलेली नसते. घरात आजारपण आलं, जमिनीचा वाद झाला, की भगत बोट दाखवतो आणि गाव तिला मारायला उठतं. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं कुणावर करणी-जादूटोण्याचा शिक्का मारून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तेव्हा लंडनची विच आणि नंदुरबारची डाकीण एका माळेत ओवू नका. तिकडे नाव बाई स्वतः घेते, इकडे ते तिच्यावर लादतात. यावर मला पाऊण तास बोलायचं होतं. तो गार्डनरनं खाल्ला. प्रश्न घेऊ या. माइक आधी मागच्या रांगेकडे द्या, पुढचे लोक तसेही विचारणारच आहेत.