खाद्यफेरीला निघण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे देवगिरी नाहीतर अजिंठा एक्सप्रेसची तिकिटं बघायला सुरुवात होते. कुणी हैदराबादला निघतं, कुणी मुंबईला. पाहायची ठिकाणं आपण महिनाभर आधी ठरवतो. जेवायचं मात्र स्टेशनसमोर जे पहिलं हॉटेल दिसेल तिथं उरकतो. आता बहुतेक मोठ्या शहरांत गाइडसोबतची खाद्यफेरी निघते. दोन-तीन तास पायी हिंडायचं, पाच-सहा ठिकाणी थोडं थोडं खायचं आणि ते बनवणाऱ्यांना भेटायचं. मला हा प्रकार मनापासून आवडतो, पण फेरी नीट निवडली तरच.

निवडताना सगळ्यात आधी वेळ विचारा. फेरी किती वाजता निघते यावर निम्मी गोष्ट ठरते, कारण प्रत्येक पदार्थाची आपली वेळ असते. हैदराबादची निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते आणि खायची ती सकाळी. हलीम रमजानच्या संध्याकाळी खावी. गहू, डाळी, मांस आणि तूप तासन्‌तास घोटलेलं असतं. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. इंदूरच्या सराफ्यात दिवसा गेलात तर सोन्या-चांदीची दुकानंच दिसतील. ती दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू तळणारे बसतात. तेव्हा कुणी दुपारी दोनची फेरी विकत असेल, तर तीत काय ताजं मिळणार हे स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी चौकशी गाइडची. तो कसा आहे हे ओळखायचं कसं, ते आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या नान खलियावरून, म्हणजे नान आणि मांसाच्या रश्श्यावरून सांगतो. दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. त्याच्या फौजेसाठी मोठमोठ्या देगांत रस्सा आणि तंदुरात नान व्हायचे, तेच हे जेवण, अशी कथा शहरात घरोघरी ऐकायला मिळते. गाइडनं ती जरूर सांगावी. पण समोर आलेल्या खलियावरची लाल तर्री बघा. मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे 1498 नंतर. तुघलकाच्या देगेत ती असणं शक्यच नाही. आज आपण खातो तो रस्सा पुढच्या कित्येक पिढ्यांच्या आचाऱ्यांनी घडवलेला आहे. जो गाइड कथा सांगून ही गोष्टही सांगतो, त्याच्यासोबत बिनधास्त जा. त्याला खाण्याबद्दल आस्था आहे आणि तुमच्या बुद्धीचा मानही आहे.

असा माणूस तुम्हाला नुसता टेबलाशी बसवत नाही, भट्टीपाशी नेतो. नान भाजणारा गादीवर लाटी थापतो, वाकून तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवतो आणि फुगून रंग आला की लोखंडी सळीनं अलगद सोडवून वर घेतो. हात क्षणभरही जास्त आत राहत नाही. मिठाईच्या दुकानातही तसंच. इमरती उडदाच्या डाळीची, जिलेबी मैद्याची, हे ऐकून कळतं खरं, पण कढईसमोर उभं राहून बघितलं की विसरत नाही. भोक पाडलेल्या फडक्यातून वाटलेली डाळ पिळत कारागीर आधी गोल वेढा घालतो, मग त्यावर एकामागून एक पाकळ्या काढत जातो. हे बघायला मिळायचं तर घोळका लहान हवा. आठ-दहा माणसांपुढे गेलं की मागच्याला भट्टी दिसत नाही, गाइडचा आवाज पोचत नाही आणि गल्लीतल्या लोकांची वाट अडते ती वेगळीच. वीस-पंचवीस जणांना एकदम नेणारी फेरी स्वस्त पडत असली तरी मी सुचवणार नाही.

खाण्याचे नियम पैसे भरायच्या आधी सांगा, दुकानाच्या दारात नको. आपल्यात माळकरी आहेत, श्रावण पाळणारे आहेत, जैन कुटुंबं आहेत. खलिया काही ठिकाणी बोकडाच्या मटणाचा, तर काही ठिकाणी म्हशीच्या मांसाचा असतो. हे मोकळेपणानं विचारावं आणि समोरच्यानं तितक्याच मोकळेपणानं सांगावं. यात कुणी कुणाचा अपमान समजू नये. शाकाहारी माणसासाठी वेगळी फेरी आहे, की फक्त मांसाहारी ठिकाणी बाहेर थांबायचं आहे, हेही विचारा. मधुमेह असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, सोबत म्हातारी माणसं असतील तर तेही सांगून ठेवा. दुकानात अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, त्यावर नजर टाका. आणि पदार्थांचे पैसे फेरीच्या शुल्कात धरलेत का, फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळेल का, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आलेलं उत्तरही चालेल.

एक खंत मात्र बोलून दाखवतो. संभाजीनगरात बाहेरून आलेला पाहुणा वेरूळ बघून येतो आणि संध्याकाळी खायला निघतो, तेव्हा त्याला गुलमंडी आणि शहागंज दाखवतात. ते योग्यच आहे. पण मराठवाड्याचं रोजचं जेवण त्याच्या वाट्याला येतच नाही. धान्य-डाळी भाजून मसाल्यासह दळलेल्या येसराची आमटी, तव्यावरून उतरलेलं धपाटं आणि त्यावर दही, चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेली सकाळची सुशीला, हे त्याला कुणी देत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात बसून खाल्ली जाणारी भज्जी आणि आंबील तर त्यानं ऐकलेलीही नसते. हे सगळं घरातलं आणि शेतातलं खाणं. दुकानाच्या पाटीवर ते क्वचितच दिसतं, म्हणून फेरीतून सुटतं.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. तुमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार असतील आणि त्यांच्यासाठी फेरी ठरवत असाल, तर फेरी चालवणाऱ्याला सरळ म्हणा, एक ठिकाण घरचं ठेवा. भाकरी थापून देणारी एखादी ताई, एखादा बचतगट शोधा आणि त्यांच्या श्रमाचे पैसे दुकानदाराइतकेच द्या. दहा जणांनी असं मागितलं तर अकराव्याला मागावं लागणार नाही. हुरड्याच्या दिवसांत येणारे असतील तर आधीच बोलून ठेवा, कारण कोवळी ज्वारी फार दिवस थांबत नाही. नमस्कार.