बावीस अंशांवरचे पाच दिवस

(दृश्य: रक्तपेढी. काचेच्या दारामागे कप्पे इकडून तिकडे सरकताहेत.)

हे कपाट कधी थांबत नाही. मिनिटाला साठ-सत्तर हेलकावे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही. वीज गेली तर जनरेटरवर. कप्प्यांवर पिवळसर पिशव्या आहेत, त्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी.

शेजारच्या फ्रीजमध्ये लाल पेशी 2 ते 6 अंशांवर 35 ते 42 दिवस राहतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, उणे 30 अंशांखाली गोठवला की वर्षभर चालतो. प्लेटलेट्सना मात्र थंडी सोसत नाही. बशीसारखा चपटा आकार जाऊन त्या गोल होतात, काटे फुटतात. अशा पेशी रुग्णाच्या रक्तात फार काळ राहत नाहीत. यकृत त्यांना झपाट्याने काढून टाकतं. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी दाखवून दिलं, की 22 अंशांच्या आसपास ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात अधिक टिकतात. आज नियम आहे 20 ते 24 अंशांचा.

(दृश्य: पिशवी हातात घेतलेली तंत्रज्ञ.)

आणि हलवायचं कशासाठी? पिशवीतही या पेशी जिवंत असतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. म्हणून प्लास्टिकही असं निवडतात, की त्यातून वायू ये-जा करतील. पण पिशवी निपचित पडली तर पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच (आम्ल वाढलं की उतरणारा आकडा) घसरतो. तो 6च्या खाली गेला, की पिशवी बाद.

तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवते. आत चमकती वलयं उमटली, तर पेशी अजून चपट्या आहेत, ठणठणीत आहेत. द्रव नुसताच गढूळ दिसला, तर शंका घ्यायची. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत ही डोळ्यांनी करायची तपासणी अजून टिकून आहे, हे विशेष.

मुदत मात्र 5 दिवसांचीच, आणि त्यामागे आहेत जंतू. 22 अंश त्यांनाही मानवतात. सुई टोचताना कातडीवरचे जंतू आत जाऊ नयेत, म्हणून रक्ताची पहिली धार वेगळ्या छोट्या पाउचमध्ये वळवतात. अमेरिकेत 1980च्या दशकात ही मुदत 7 दिवसांवर नेली होती. जंतुसंसर्ग दिसू लागल्यावर 1986 मध्ये पुन्हा 5 वर आणली. त्यातूनही एचआयव्ही, हिपॅटायटिस, मलेरियाच्या चाचण्यांना वेळ जातोच.

(दृश्य: रक्तपेढीची खिडकी, बाहेर नातेवाइकांची रांग.)

एवढं सांभाळून पिशवी खिडकीपर्यंत येते, आणि डेंगीच्या दिवसांत खरी धास्ती इथून पुढे असते. नातेवाईक थर्मोकोलचा डबा बर्फाने भरून आणतात, कारण मागच्या वेळी लाल पेशींची पिशवी तशीच नेलेली असते. त्यांची चूक नाही, कुणी सांगितलेलंच नसतं. डब्यातला बर्फ काढून टाकायचा. वाटेत चहाला थांबायचं नाही. आणि वॉर्डात पोचल्यावर सिस्टरांनी ती फ्रीजमध्ये ठेवायची नाही. लगेच चढवायची, साधारण अर्ध्या तासात संपेल अशा बेताने.