खांद्यावरची दुसरी फट

उजव्या हाताची बोटं डाव्या कॉलर बोनवर ठेवा आणि हळूहळू खांद्याच्या टोकाकडे न्या. हाड संपतं तिथे छोटासा उंचवटा लागतो, तो सांधा. त्याच्या पलीकडचं चपटं हाड म्हणजे अ‍ॅक्रोमिऑन. पाठीवरच्या फऱ्याचं हे टोक, खांद्यावरचं छप्पर.

लहानपणी हे छप्पर कूर्चेचं असतं. १५व्या वर्षाच्या सुमारास त्यात हाडाचे वेगवेगळे तुकडे धरू लागतात आणि पंचविशीपर्यंत एकजीव होतात. शंभरातल्या सात-आठ जणांत मात्र एखादा तुकडा सुटाच राहतो. हेच ऑस अ‍ॅक्रोमिअल.

आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाली आणि १९८२ मध्ये पाण्याबाहेर आली. तिच्यातल्या सांगाड्यांत असे सुटे तुकडे नेहमीपेक्षा जास्त आढळले. त्यातले बरेच जण कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढणारे तिरंदाज असावेत, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. मला तो पटतो. रोजच्या त्या ओढीत हाडाला जुळून यायला उसंत कुठली मिळणार?

आता पडद्यावरचा हा एमआरआय पाहा. आडवे काप आहेत, वरून खाली येणारे. अ‍ॅक्रोमिऑन अगदी वरच्या दोन-तीन कापांतच दिसतं. मालिका खालून सुरू केली, तर ते हातचं निसटतं. म्हणून पहिला काप कॉलर बोनच्या सांध्याच्याही वर हवा.

हा कॉलर बोनचा सांधा. तो सापडला की नजर पुढे सरकते, आणि नेमकी इथेच चूक होते. जरा मागे या. अ‍ॅक्रोमिऑनला आडवी छेदणारी ही आणखी एक काळपट रेघ दिसते? हा दुसरा सांधा नव्हे, न जुळलेली फट आहे. खात्री करायची तर बाजूचे उभे काप घ्या आणि बाहेरच्या दिशेने जा. कॉलर बोन संपून गेलं, तरी फट दिसतेच आहे.

फ्रॅक्चर तर नाही? कडा बघा. गुळगुळीत आहेत, त्यांच्यावर हाडाची काळी किनार आहे. ताज्या फ्रॅक्चरला अशी किनार नसते.

चरबीची चमक दाबून टाकलेल्या या प्रतिमेत फटीच्या दोन्ही बाजूंचं हाड पांढरं झालंय. ही सूज. तुकडा हलतोय, आणि दुखणं बहुधा इथलंच आहे. हात वर उचलला की खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू त्या तुकड्याला खाली खेचतो आणि खालचा सुप्रास्पिनेटस या स्नायूचा कंडरा घासला जातो.

रिपोर्टमध्ये हे लिहायलाच हवं. फटीची कल्पना नसताना सर्जनने छपराची खालची बाजू तासली, तर तुकडा आणखी सैल होऊ शकतो.

आणि पेशंट १९ वर्षांचा असेल, तर ऑस अ‍ॅक्रोमिअल हे नाव लिहू नका. त्याचं हाड अजून जुळायचं आहे.