उजवा गाल, डावा गाल आणि चरबीची डबी

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. मुरूम आलेल्या चेहऱ्याला चरबी लावण्याविषयी बोलणार आहे. हो, चरबीच. टॅलो म्हणून डब्यांत विकतात ती. गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी मंद आचेवर वितळवायची, दोन-तीनदा गाळायची, आणि थंड झाल्यावर मेणासारखी जी पांढरट वडी उरते, ती. आधीच चेहरा तेलकट, त्यावर मुरूम, आणि वर आणखी चरबी? हे आगीत तेल कशाला, असं वाटणारच. मलाही वाटलं होतं.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चेहऱ्यावर तेल असणं वेगळं आणि कातडीत ओल असणं वेगळं. पुन्हा सांगते, तेल वेगळं, ओल वेगळी. मुरूम आलेला माणूस तेलावर इतका चिडलेला असतो की साबण घासून घासून ओलही घालवून बसतो. आपल्या कातडीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूचा. वडीच्या साबणाचा 9 ते 10. दिवसातून सहा वेळा तो फासला की कातडीचा वरचा थर उसवतो, पाणी उडून जातं, चेहरा ताणतो. त्यात मुरमांची औषधं, बेन्झॉइल पेरॉक्साइड म्हणा, अडापॅलीन म्हणा, सुरुवातीला स्वतःच सालपटं काढतात. मग माणूस कंटाळून औषध सोडतो आणि मुरूम परत हजर. मॉइश्चरायझरने मुरूम बरे होत नाहीत. औषध सोसण्यापुरती कातडी शांत राहते, आणि तेवढं पुरे असतं.

गंमत अशी की ज्या साबणाने आपण चेहरा खरवडतो, त्यातही बरेचदा चरबीच असते. वेष्टनावर सोडियम टॅलोवेट असं लिहिलेलं असतं ना, ते तेच. चरबीचा साबण होताना आत नेमकं काय घडतं, हे मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने उलगडलं आणि 1823 साली त्यावर ग्रंथ काढला. जन्म 1786 चा, मृत्यू 1889 चा. म्हणजे 102 वर्षं! उमेदीची वर्षं चरबीत घालवूनसुद्धा. असो.

तर माझी भाची. वय वर्षं 17, वसतिगृहात राहणारी, हनुवटीवर आणि गालांवर मुरूम. तिच्याकडे एक आरसा होता, चेहरा पाचपट मोठा दाखवणारा. असले आरसे घरात असूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. दाढीलासुद्धा नकोत. त्यात जे दिसतं ते जगात दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. तर त्या आरशात बघून ही पोरगी दिवसातून सहा वेळा तोंड धुवायची. सुट्टीत आली तेव्हा नाकाच्या कडेला सालपटं, आणि हसली की गाल दुखायचे. मी मोठ्या उत्साहाने घरी टॅलो कढवलं, गाळलं, आणि वास जावा म्हणून त्यात लव्हेंडरच्या अर्काचे चांगले आठ-दहा थेंब टाकले. तिने रात्री ते भिंतीला गिलावा करावा तसं थापलं.

सकाळी उशीचा अभ्रा तेलकट आणि पोरगी लालबुंद. खाज, आग, सगळं. चूक माझी होती. असले सुगंधी अर्क चिडलेल्या कातडीला अजिबात सोसत नाहीत. टॅलो घेणार असाल तर बिनवासाचं घ्या. बिनवासाचं. डबीवर 'नैसर्गिक' असं लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते वाचा. नैसर्गिक तर खाजखुजलीही असते.

दुसऱ्यांदा बिनवासाचं केलं. आता ही बया सावध झालेली. म्हणाली, "आत्या, छिद्रं बुजवणाऱ्या पदार्थांची यादी असते, त्यात टॅलोला 5 पैकी 2 गुण आहेत. छिद्रं बुजवतं ते." या गुणांचं मूळ ठाऊक आहे का? सशाचा कान! 1972 साली अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांवर लिहिलं, तेव्हाही पदार्थ सशाच्या कानाला लावूनच पाहिले होते. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर बुजतो. तेव्हा त्या आकड्याने घाबरायचं नाही, आणि आकडा लहान आहे म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. जबड्याच्या कोपऱ्यावर दोन आठवडे लावून बघायचं. तिने बघितलं, काही उठलं नाही.

मग तिचा दुसरा मुद्दा, आणि तो मला निरुत्तर करणारा. "तू माझं धुणं सहावरून दोनवर आणलंस आणि टॅलोही दिलंस. फरक पडला तर श्रेय कुणाचं?" मग तिनेच तोड काढली. चेहरा दोनदाच धुवायचा, सौम्य क्लेंझरने. उजव्या गालावर टॅलो, डाव्या गालावर दुकानातलं साधं, बिनवासाचं लोशन. औषध दोन्हीकडे सारखंच. सहा आठवडे, कारण आज छिद्र बुजायला लागलं तर मुरूम दिसायला आठवडे जातात. दर रविवारी एक फोटो मला पाठवायचा.

श्रोतेहो, फोटो यायला लागले. तिसऱ्या आठवड्यापासून फोटोत डावीकडे दिसणारा गाल असा नितळ व्हायला लागला की काय सांगू! समोरच्या माणसाचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो, हे पोरासोरांनाही कळतं. म्हणजे तो तिचा उजवा. म्हणजे टॅलोचा. मी घरात सगळ्यांना तो फोटो दाखवला. भावाला दाखवला, वहिनीला दाखवला, वहिनीच्या आईला फोन करून वर्णन करून सांगितलं. वर शास्त्रही ऐकवलं की टॅलोमधली मेदाम्लं आपल्या कातडीच्या तेलाशी हुबेहूब जुळतात.

ते शास्त्रही अर्धंच. टॅलोत ओलेइक आम्ल साधारण चाळीस टक्के, पामिटिक पंचवीसच्या आसपास, मग स्टिअरिक. यातली काही आपल्या तेलातही असतात. पण आपल्या तेलात स्क्वालीन असतं, मेणासारखे एस्टर असतात, सॅपिएनिक नावाचं खास माणसाचं आम्ल असतं. ते टॅलोत कुठून येणार? आणि मुरूम असलेल्यांच्या तेलात कमी सापडणारं लिनोलेइक आम्ल टॅलोतही जेमतेमच. जुळतं थोडं, लोक सांगतात फार.

सहा आठवड्यांनी भाची आली. माझ्यासमोर बसली, पाणी प्यायली, आणि मी तिच्या ओठाच्या वरच्या तिळाकडे बघत राहिले. तीळ तिच्या डाव्या बाजूला. लहानपणापासून तिथेच. आणि फोटोत? फोटोत तो तीळ त्या नितळ गालाच्या बाजूला! तिचा फोन आरशासारखे उलटे फोटो साठवत होता. म्हणजे महिनाभर मी ज्या गालाची आरती ओवाळली, तो लोशनचा गाल होता.

वहिनीच्या आईला मी अजून परत फोन केलेला नाही.

मग आम्ही शांतपणे दोन्ही गाल नीट बघितले, उजेडात, साध्या आरशात. मुरूम मोजले. उजवीकडे चार, डावीकडे तीन. म्हणजे फरक नाहीच. ताण दोन्हीकडचा गेलेला, आणि त्याचं श्रेय बहुधा कमी धुण्याचं. एका ठिकाणी मात्र टॅलोने बाजी मारली होती. नाकाच्या उजव्या कडेला आणि जबड्याच्या त्या बाजूला, जिथे औषधाने सालपटं निघायची, तिथे एकही सालपट नव्हतं.

आता ती तेवढ्याच जागी लावते. चेहरा धुतल्यावर, कातडी ओलसर असताना, मसुराच्या दाण्याएवढं, तळव्यांत चोळून पातळ करून. ओलसर चेहऱ्यावर, दाण्याएवढं. टॅलोत पाणी नसतं, ते फक्त असलेली ओल अडवतं, म्हणून कोरड्या चेहऱ्यावर लावून उपयोग नाही. डबीत ओलं बोट घालत नाही, आणि खवट वास आला की डबी फेकते. मध्ये एकदा कपाळाला लावून पाहिलं, तर एकसारखे बारीक खाजरे पुरळ उठले. त्वचातज्ज्ञांनी सांगितलं, हे मुरूम नव्हेत, ही बुरशी आहे, आणि या बुरशीला चरबी फार आवडते. तेव्हा कपाळ बंद.

फोनची ती सेटिंगही बदलली आहे. मीच बदलायला लावली.